टायटॅनियम डायऑक्साइडला युरिया लावून पिवळा कसा करायचा (आणि डाय खरंच मोडतोय का ते कसं बघायचं)

भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच टायटॅनियम डायऑक्साइड, प्रकाशात पाण्यातला डाय (रंगद्रव्य) मोडायला एकदम भारी, पण उन्हाचा त्याला फारसा उपयोग नाही, कारण ॲनाटेजचा (त्याच्या एका स्फटिकरूपाचा) बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन उठवायला लागणारी किमान ऊर्जा, ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटरच्या खालचाच प्रकाश चालतो आणि उन्हात युव्ही जेमतेम ४-५ टक्के. म्हणून नायट्रोजन डोपिंग, म्हणजे युरियातला थोडा नायट्रोजन त्यात घुसवायचा, की दिसणारा प्रकाशही चालतो. एमएस्सीच्या प्रोजेक्टला सिल्व्हर वगैरेच्या नादी लागू नका, युरिया बास झाला.

२ ग्रॅम ॲनाटेज पावडर, २ ग्रॅम युरिया, खलात चांगलं अर्धा तास घोटा. युरिया लॅबचाच घ्या, शेतातला नको, त्याला कडुनिंबाच्या तेलाचं कोटिंग असतं. मग झाकणाच्या क्रुसिबलमध्ये ४५० डिग्रीला २ तास, फर्नेस हळूहळू चढवायची, अमोनियाचा वास डोळ्यांत पाणी आणतो त्यामुळे एक्झॉस्ट चालू पाहिजेच. तापमान फार वाढवलंत तर ॲनाटेजचा रुटाइल (दुसरं, या कामाला सहसा कमी उपयोगाचं स्फटिकरूप) व्हायला लागतो. थंड झाल्यावर पावडर फिकट पिवळी दिसली की समजा काहीतरी जमलंय, पाण्याने धुवून वाळवा.

आता टेस्ट. १० पीपीएम मिथिलीन ब्लू (निळा डाय), १०० मिली, त्यात १०० मिग्रॅ पावडर, आणि लाइट लावायच्या आधी ३० मिनिटं अंधारात स्टरर. ही पायरी मी पहिल्यांदा गाळली होती, रंग झपाट्याने उतरला म्हणून खूश झालो, नंतर कळलं की डाय मोडला नव्हताच, पावडरीला नुसता चिकटला होता, खाली बसलेली पावडर चक्क निळी! मिथिलीन ब्लू पॉझिटिव्ह चार्जचा असल्याने पीएच ७ च्या वर तर तो अजूनच चिकटतो.

दर १५ मिनिटांनी ३-४ मिली काढा, सेंट्रिफ्यूज करा (पावडर राहिली तर रीडिंग उगाच वर जातं), ६६४ नॅनोमीटरला ॲब्सॉर्बन्स (किती प्रकाश शोषला जातो ते) घ्या. सोबत पावडर न घालता नुसता डाय उन्हात ठेवलेला एक बीकर हवाच, आणि साधी, डोप न केलेली पावडर घातलेला दुसरा.

अजून एक, मिथिलीन ब्लू स्वतःच व्हिजिबल लाइट खातो आणि इलेक्ट्रॉन पावडरीला देतो, म्हणजे रंग गेला तरी श्रेय डोपिंगचंच असं नाही. त्यामुळे ४२० नॅनोमीटरच्या कटऑफ फिल्टरखाली (त्याखालचा युव्ही अडवणारा) फिनॉलसारखं बिनरंगाचं काहीतरी मोडून बघा, जमलं तर टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन, म्हणजे रेणू पुरता मोडला का ते कळतं) पण करून घ्या, व्हायव्हाला पहिला प्रश्न हाच येतो.