सोलापूरच्या उन्हात मोरवेल

क्लेमॅटिस या फुलवेलीचं पहिलं रोप मी पुण्याहून एसटीत मांडीवर घेऊन आणलं. जांभळी, तळहाताएवढी फुलं येणार म्हणे. जुळे सोलापुरातल्या आमच्या पश्चिमेच्या भिंतीशी लावलं आणि एप्रिल संपायच्या आत त्याची काडी झाली. चूक माझीच. ती थंड हवेची वेल, आणि आमच्याकडे मेमध्ये पारा ४२-४३ वर. ती भिंत रात्री दहालासुद्धा हाताला चटका देते.

याच कुळातली मोरवेल माझ्या माहेरी वाईकडे कुंपणाकुंपणावर चढलेली असते, कुणी ढुंकून बघत नाही. फुलं लहान, पांढरी. पण पावसाळा सरला की वेल त्यांनी झाकून जाते, मग बियांना पिसासारख्या शेपट्या फुटतात. सोलापुरात लावायची तर हीच लावा.

जुलैत, ना कोवळी ना जून अशी फांदी घ्या. गुलाबासारखं डोळ्याखाली कापायचं नाही, दोन पेरांच्या मधे कापायचं. वरच्या पेरावर एक पान ठेवून काडी ओल्या वाळूत खोचा. हातमोजे घाला, रस लागला की कातडी चुरचुरते. माझ्या मनगटावर चांगला फोड आला होता.

नुसत्या काळ्या मातीत लावू नका. पावसात ती पाणी धरून मुळं कुजवते आणि उन्हाळ्यात भेगाळून तीच मुळं तोडते. मी पोयटा, मुरलेलं शेणखत आणि विटांचा चुरा सारखा मिसळते. मातीत चुनखडी असली तरी चालते. पाण्याचं मात्र बघा. फिल्टरचं वाया जाणारं पाणी मी काटकसर म्हणून आठवडाभर घातलं, तर पानांच्या कडा बिडीसारख्या जळाल्या.

खरी गोम मुळं गार ठेवण्यात आहे. शेंड्याला ऊन हवं, बुडाला नको. बुडाशी मालदांडी ज्वारीचा कडबा बारीक तोडून वीतभर पसरते, खोडापासून चार बोटं लांब. मार्च लागला की पश्चिमेला दोरीवर जुनी, विरलेली सोलापुरी चादर टांगते आणि दुपारी तिच्यावर पाणी मारते. हे म्हणाले, "वेलीला कूलर आणि मला पंखा!"

वेल चढते ती पानाच्या देठाने. देठ सुताभोवती एक वेढा घेतो, मग दुसरा, आणि दोन दिवसांत इतका घट्ट होतो की सोडवायला गेलं तर देठच तुटतो. जाड बांबूला त्याची मिठी पुरत नाही. मी मागावरचं उरलेलं जाड सूत भिंतीवर खिळ्यांना ताणून बांधते.

छाटणी जानेवारीत, संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, बिया उडून गेल्यावर. गुडघ्याएवढी ठेवून बाकी सगळी कापायची. फुलं नव्या फुटीवर येतात, तेव्हा हात आखडू नका.

जांभळीचाच हट्ट असेल तर दिवाळीनंतर कुंडीत लावा, खालची दोन पेरं मातीत पुरून. वरची वेल एकाएकी माना टाकते तेव्हा त्या पेरांतून पुन्हा फूट निघू शकते. कुंडी पूर्वेला, सकाळच्या उन्हात ठेवा. माझी दुसरी जांभळी अशीच आहे. फेब्रुवारीत तिला तीन फुलं आली, तळहाताएवढी नव्हे, वाटीएवढी.