खूप खपलेली जुनी रेकॉर्ड घेताना

टर्नटेबल घरी आहे आणि त्याची सुई धड आहे, असं धरून चालतो. नसेल तर आधी सुई बदला, बाजारात मग जा.

नवशिक्याला सगळे एकच सल्ला देतात: भरपूर खपलेले अल्बम घे, ते कुठेही मिळतात. मिळतात खरे. ‘शोले’च्या संवादांची पॉलिडोर कंपनीची एलपी (म्हणजे मोठी, लाँग-प्लेइंग रेकॉर्ड), ‘कुर्बानी’, नाझिया हसनचं 1981 सालचं ‘डिस्को दीवाने’, असलं काही ना काही मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात गठ्ठ्यातून हाताला लागतंच. पण जी रेकॉर्ड घरोघरी गेली, ती घरोघरी झिजलीसुद्धा. शास्त्रीय गायनाच्या कित्येक एलपी काचेच्या कपाटात शोभेला राहिल्या, म्हणून आजही कोऱ्या वाटतात. ‘शोले’ मात्र लग्नात वाजली, पाहुणे आले की वाजली, पोरांनी संवाद पाठ होईस्तोवर वाजवली. तीही वर्षानुवर्षं न बदललेल्या सुईवर. आजची चांगली सुई दीड-दोन ग्रॅम भाराने टेकते. तेव्हाचे स्वस्त प्लेअर याच्या कितीतरी पट दाबायचे. जगात सर्वाधिक खपलेल्या, मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या (1982) जुन्या प्रतींचंही हेच रडगाणं.

तेव्हा खरी मेख एकच: ऐकू येणारी खरखर धुळीची आहे की झिजेची? धूळ धुता येते, झीज नाही. हे कळायला मला दोन वर्षं लागली. ‘कुर्बानी’ची एक प्रत मी पाच वेळा धुतली. दर वेळी वाटायचं, या खेपेला निघेल. खरखर गेली, पण ‘स’ आणि ‘श’ आले की आवाज फाटायचा तो फाटायचाच. सुई जिच्यातून फिरते ती खाचच आतून खरवडली गेली होती. साबणाने काय होणार?

म्हणून दुकानदाराला रेकॉर्ड लावायला सांगा, पण पहिलं गाणं ऐकून भुलू नका. सुई थेट त्या बाजूच्या शेवटच्या, म्हणजे सर्वांत आतल्या गाण्यावर ठेवायला लावा. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, बाहेर असो की आत. आतला घेर लहान, त्यामुळे तेवढाच आवाज कमी लांबीच्या खाचेत कोंबलेला असतो, आणि बोथट सुई पहिला घाव तिथेच घालते. गाणं चढलं की आवाज चिरकतो का, एवढंच ऐका. चिरकत असेल तर परत ठेवा, भाव निम्म्यावर आला तरी. बेताल चुटचुट ऐकू आली तर घाबरू नका, बहुधा धूळच असते. घड्याळासारखी दर 1.8 सेकंदांनी टिक आली तर तो ओरखडा, कारण एका फेऱ्याला तेवढाच वेळ लागतो. एखाद्या गाण्यापुरता मी तो चालवून घेतो.

दुकानात प्लेअर नसेल तर रेकॉर्ड घेऊन उन्हात या. ट्यूबलाइटखाली सगळ्याच रेकॉर्डी देखण्या. मऊ फडक्याने पुसूनही खाचा राखाडी, निस्तेज दिसल्या तर समजा, झिजल्यात. आणि मधल्या भोकाभोवतीचं लेबल बघा. प्लेअरचा मधला खिळा भोकात बसवायला चाचपताना उमटलेल्या बारीक रेघांचं जाळं तिथे असेल, तर ती रेकॉर्ड शेकडो वेळा चढवली-उतरवली गेली आहे. कव्हर चकाचक असलं तरी हे लेबल खोटं बोलत नाही. कव्हर बदललेलं असू शकतं.

धुणं सोपं आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मायक्रोफायबरचं फडकं. खाचांच्या दिशेने गोल पुसा, लेबल कोरडं ठेवा, नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने परत पुसा आणि भांड्यांच्या रॅकमध्ये उभी वाळवा. नळाचं पाणी नको, क्षार खाचेत बसतात. पांढरा डिंक ओतून, वाळल्यावर त्याची साल काढायचे व्हिडिओ बघून मजा वाटते; साल अर्ध्यात तुटली की मजा संपते. खोबरेल तेल सुचवणाऱ्यांना तर मी उत्तरही देत नाही. आणि 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीला चुकूनही स्पिरिट लावू नका. ती लाखेची असते, स्पिरिटमध्ये लाख विरघळते.

आतलं जुनं कागदी पाकीट फेकून नवं घाला. रेकॉर्डी उभ्या ठेवा, माळ्यावर आडव्या रचू नका. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बुरशी आली का बघा.

माझ्याकडे ‘शोले’च्या चार प्रती आहेत. शेवटपर्यंत स्वच्छ वाजते ती एकच. ती एका निवृत्त शिक्षिकेकडून आली. त्यांना आहेरात मिळाली होती आणि सिनेमा मुळीच आवडला नव्हता.