धान बुटके दिसले म्हणून संजीवक फवारता? या चुका टाळा

रोवणीनंतर महिनाभराने बांधीतले धान ठेंगणे दिसू लागले, की संत्राबागेसाठी आणलेल्या जिब्रेलिक ॲसिडची उरलेली पुडी पंपात टाकण्याचा मोह रामटेक-मौद्याकडच्या शेतकऱ्याला होऊ शकतो. ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. हे ॲसिड म्हणजे जिब्रेलिन, वनस्पतीची वाढ घडवणारे संजीवक; ते वाढ रोखणारे एक प्रथिन नष्ट करवून खोडाची पेरे लांबवते. १९६६ मध्ये आलेल्या आयआर-८ या धानाच्या बुटक्या वाणात, तैवानच्या डी-जिओ-वू-जेन या वाणाकडून आलेल्या एसडी-१ जनुकातील बदलामुळे जिब्रेलिन कमी तयार होते, आणि म्हणूनच खताची भरपूर मात्रा घेऊनही ते सहसा लोळत नाही. अशा धानावर बाहेरून जिब्रेलिन फवारले तर उंची वाढते खरी, पण लांबलेले नाजूक खोड लोंबीच्या भाराने आडवे होते. म्हणजे जो गुण असलेले बियाणे निवडले, तोच आपण पैसे देऊन घालवतो. संकरित बियाणे उत्पादनात नर-वंध्य (ज्यांचे पराग निकामी असतात अशा) ओळीची लोंबी आवरणातून पुरती बाहेर यावी म्हणून हीच फवारणी करतात, परंतु तो हेतू वेगळा आहे.

उलट चूक पऱ्ह्यांच्या (रोपांच्या) वाफ्यात होते. इतरांपेक्षा उंच, फिकट आणि बारीक रोपे जोमदार समजून रोवली जातात, वास्तविक ती बुरशीने पछाडलेली असू शकतात. जपानी शेतकरी त्यांना ‘मूर्ख रोप’ म्हणत. ही बुरशी वाढवलेल्या द्रवानेच, बुरशी गाळून काढल्यावरही, रोपे लांबतात हे जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवले आणि जिब्रेलिनचा शोध तेथूनच सुरू झाला. अशी रोपे उपटून टाकावीत. पेरणीपूर्वी बियाणे ३ टक्के मिठाच्या द्रावणात बुडवून तरंगणारे वेचून काढावे व उरलेले स्वच्छ पाण्याने धुवावे.

सगळी बांधी सारखीच ठेंगणी असेल, तर आधी बियाण्याचा वाण पाहावा. ठिकठिकाणी चट्टेच बुटके असतील आणि खालच्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके असतील, तर जस्ताची उणीव, म्हणजे खैरा, संभवतो. तेथे झिंक सल्फेट उपयोगी पडते. पाने पिवळी-नारिंगी होऊन फुटवे घटले असतील, तर हिरव्या तुडतुड्यांनी पसरवलेल्या टुंग्रो विषाणूची शंका घ्यावी. त्यावर कोणतेही संजीवक चालत नाही, म्हणून तुडतुड्यांचा बंदोबस्त आधी करावा.