एका रेणूतून वाहणारी वीज कशी मोजावी

२००३ साली शू आणि ताओ या संशोधकांनी दाखवलेली ही पद्धत आहे. स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपला (धातूचं अणकुचीदार टोक पृष्ठभागाजवळ नेऊन दोघांमधला विद्युतप्रवाह मोजणारं यंत्र) नुकतंच कापलेलं सोन्याच्या तारेचं टोक लावा आणि रेणूंचं द्रावण टाकण्याआधी नुसत्या सोन्यावर मोजून बघा. ही पायरी मी कुणालाच गाळू देत नाही. टोक सोन्याच्या पृष्ठभागात हलकेच रुतवायचं, मग सावकाश मागे ओढायचं; टोक आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये ०.१ व्होल्ट पुरतात. सोनं ताणत ताणत एका अणूइतकं बारीक उरतं, तेव्हा वाहकता, म्हणजे वीज किती सहज वाहते ते माप, ७७.५ मायक्रोसीमेन्सच्या (वाहकतेचं एकक) आसपास क्षणभर थबकते. ते थबकणं स्वच्छ दिसेपर्यंत पुढे जाऊच नका.

द्रावक शक्यतो ट्रायक्लोरोबेंझिनसारखा, वीज न वाहणारा घ्या. पाण्यात काम असेल तर टोकाला मेण लावून फक्त अग्र उघडं ठेवा, नाहीतर गळतीचा प्रवाहच मोजत बसाल. रेणूच्या दोन्ही टोकांना सोनं धरणारा अणूंचा गट हवा: अमाइन, थायोल किंवा पिरिडिन. सोनं तुटलं की एखादा रेणू फटीत अडकतो आणि वाहकतेच्या आलेखात बरीच खाली नवी सपाटी उमटते. ती बघताना मला अजूनही तितकाच आनंद होतो.

पण एका ओढीवर विसंबू नका; रेणू दर वेळी वेगळा धरला जातो. हजारो ओढी घ्या, लॉग हिस्टोग्राम (कोणती वाहकता किती वेळा आली ते लॉगरिदमच्या मोजपट्टीवर दाखवणारा स्तंभालेख) काढा, आणि न आवडलेले आलेख हातानं वगळू नका.