मुलांच्या हातात मोबाइल देताय? या चुका टाळा

अंबड-सातपूरच्या कंपन्यांत आई-बाबा दोघंही शिफ्टला जातात, अशी घरं नाशिकमध्ये कमी नाहीत. शाळेतून आलेलं मूल दुपारभर एकटं, हातात घरातला जुना मोबाइल. तो चालतो बाबांच्याच जीमेलवर, आणि पहिली चूक इथेच होते. गूगलच्या लेखी समोर मोठा माणूस बसलेला असतो, त्यामुळे यूट्यूब आणि प्ले स्टोअर मोठ्यांसाठीचंच दाखवतात. मुलाचं वेगळं अकाउंट काढा आणि गूगलच्या फॅमिली लिंक या पालकांसाठीच्या अ‍ॅपला जोडा. मग नवं अ‍ॅप घ्यायला तुमची परवानगी लागते, वेळेची मर्यादाही घालता येते. यूपीआयचा पिन मात्र मुलाला अजिबात सांगू नका.

दुसरी चूक म्हणजे जन्मतारीख खोटी टाकणं. इन्स्टाग्रामला किमान वय 13 लागतं, म्हणून दहा वर्षांच्या मुलीला कुणीतरी मोठा चुलतभाऊ हौसेने वीस वर्षांची करून देतो. 18 च्या आतल्यांचं अकाउंट तिथे आपोआप प्रायव्हेट होतं, अनोळखी लोकांचे मेसेज अडवले जातात. खोट्या तारखेमुळे नेमकं हेच संरक्षण जातं.

फोटोंचं थोडक्यात सांगते. गणवेश, ओळखपत्र, गंगापूर रोडवरच्या क्लासची पाटी, असं सगळं एकाच स्टेटसमध्ये दिसलं की मूल कुठे आणि कधी असतं हे परक्याला कळतं. स्टेटस कोणाला दिसावं, हे व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत ठरवता येतं.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. गेम खेळताना ओळख झालेला 'दादा' आधी गेममध्ये मदत करतो, मग गप्पा व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा टेलिग्रामवर नेतो, नको तसे खासगी फोटो मागतो, आणि एक दिवस ते पसरवायची धमकी देतो. मूल घाबरत घाबरत सांगायला येतं आणि आपण ओरडतो, "तरी सांगत होते! आण तो मोबाइल इकडे." पुढच्या वेळी ते मूल सांगायला येत नाही, आणि धमकावणाऱ्याला तेच हवं असतं. त्या क्षणी एवढंच म्हणा, "बरं झालं सांगितलंस. तुझी चूक नाही, आपण बघू."

त्यानंतरची घाई नडते. शरमेपोटी चॅट डिलीट केलं जातं किंवा पैसे दिले जातात. पैसे दिले की मागणी वाढते. आधी चॅट, नंबर, प्रोफाइलची लिंक यांचे स्क्रीनशॉट घ्या, मगच ब्लॉक करा. मुलाचा तसा फोटो मात्र सल्ल्यासाठीसुद्धा नातेवाइकांना पाठवू नका; असा मजकूर पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 बी खाली गुन्हा आहे.

पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, कारण जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम बँकेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. मुलाला मदत हवी असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन 1098. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांच्या लैंगिक छळाच्या मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. हद्दीची चिंता करू नका, जवळच्या पोलीस ठाण्यातही जाता येतं. अशा प्रकरणांना मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा 2012 चा पॉक्सो कायदा लागू होतो आणि पीडित मुलाचं नाव उघड करायला त्यात मनाई आहे. फोटो पसरायची भीती असेल तर 'टेक इट डाउन' ही 18 खालच्यांसाठीची मोफत सेवा वापरा. फोटो तुमच्याच मोबाइलमध्ये राहतो. त्याचा फक्त सांकेतिक ठसा त्यात सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्यावरून त्या तो फोटो शोधून काढून टाकू शकतात.