हरमॅटनच्या दिवसांतला सौर ठिबक भाजीपाला : उत्तर बेनिनमधील महिला गटांसाठी सल्ला

नोव्हेंबर लागला की पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनच्या कालाले भागात पाऊस संपतो आणि सहाराकडून हरमॅटनचे कोरडे, धुळकट वारे सुटतात. 2007 पासून तिथल्या बेसासी आणि दुनकासा या गावांतल्या महिला गटांचा भाजीपाला सौरपंप आणि ठिबकावर आहे. पंपाला बॅटरी नाही; उन्हात टाकी भरायची आणि उताराने पाणी सोडायचे. पेच असा, की वाऱ्यामुळे पिकाची तहान वाढते, नेमका तेव्हाच धुळीने पंप मंदावतो.

म्हणून आधी पॅनेल. आठवड्यातून दोनदा, सूर्य वर येण्याआधी, भरपूर पाणी ओतून मऊ फडक्याने पुसावे. कोरडे फडके फिरवू नये, वाळूने काच खरवडते. दवात भिजलेली धूळ खालच्या कडेला चिखलाच्या पट्टीसारखी चिकटते. पट्टी बोटभरच असते, पण तिच्या सावलीने एका ओळीत जोडलेल्या सगळ्याच पॅनेलची वीज घटते. पॅनेलला निदान 10 ते 15 अंश उतार हवा.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एकीचा वाफा 120 चौरस मीटरचा. दिवसाला वाफाभर 5 मिमी उंचीचे पाणी धरले तर 600 लिटर, जानेवारीनंतर 6 मिमीप्रमाणे 720 लिटर. 35 जणी असतील तर रोज 25,200 लिटर. दुपारी तीनपर्यंत टाकी भरत नसेल तर सगळ्यांचे पाणी थोडेथोडे कापू नये, त्याने सगळीच पिके अर्धवट राहतात. फुलोऱ्यातल्या टोमॅटो-भेंडीला पूर्ण पाणी द्यावे आणि पालेभाजीची नवी पेरणी थांबवावी. वाफ्यावर वाळल्या गवताचे 5 सेंमी आच्छादन टाकावे, मात्र खोडापासून चार बोटे दूर. नाहीतर वाळवी थेट खोडाला लागते.

गाळणी रोज धुवावी. आठवड्यातून एकदा उपनळ्यांची टोके उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्यावे. टाकी उंचावर असली तरी दाब कमीच असतो, त्यामुळे तुंबलेला ड्रिपर (नळीवरचे थेंब सोडणारे तोंड) आपोआप मोकळा होत नाही. ओळीच्या शेवटची रोपे आधी सुकली तर दोष बहुधा तुंबण्याचा असतो. जास्त पाणी सोडून उपयोग नाही.

मार्चमध्ये बोअरची पातळी खाली जाते. दर पंधरा दिवसांनी दोरीला वजन बांधून ती मोजावी. पंप कोरडा फिरू लागल्याचे लक्षण म्हणजे पाणी फुसफुसत, हवेसकट येणे. तसे दिसताच स्विच बंद करावा, नाहीतर पंप जळतो.