रेनडिअरची हिवाळ्याची बेगमी

उणे तीस-चाळीस अंशांत महिनोन् महिने उघड्यावर काढायचे असतील, तर तयारीला भर उन्हाळ्यातच लागावं लागतं. रेनडिअरचं शरीर ही तयारी दरवर्षी करतं. तिची यादी मांडायला बसलं की जाणवतं, ऊब तयार करण्याची कामं तिच्यात थोडीच आहेत. बाकी सगळी खटपट असलेली ऊब निसटू न देण्याची.

आधी पोट. सूर्य मावळत नाही त्या दिवसांत हिरवा पाला, गवत मिळेल तितकं चरून घ्यायचं. आर्क्टिक महासागरातल्या स्वालबार्ड बेटांवरचे आखूड पायांचे गोलमटोल रेनडिअर यात सगळ्यांच्या पुढे. हिवाळ्याच्या तोंडावर त्यांच्या पाठीच्या मागच्या भागावर चरबीचा थर १० सेंटिमीटरपर्यंत जाड झालेला असतो. ही चरबी पांघरुणापेक्षा शिदोरी म्हणून जास्त कामाची.

पांघरूण आहे ते केसांचं. थंडीच्या आधी हिवाळी कोट पुरता वाढायला हवा: आत दाट मऊ लोकर, वर लांब राठ केस. हे वरचे केस पोकळ असतात आणि त्यांत कोंडलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. (नदी पोहून जाताना याच हवेमुळे अंग तरंगतं, हा वरकड फायदा.) नाकाचा शेंडाही केसाळच हवा, हरणांच्या इतर जातींसारखं ओलं, उघडं नाक इथे परवडणारं नाही. एवढं जमलं की विश्रांती घेणाऱ्या नॉर्वेतल्या रेनडिअरला सुमारे उणे ३० अंशांपर्यंत आणि स्वालबार्डच्या रेनडिअरला सुमारे उणे ५० पर्यंत अंग तापवायला जादा ऊर्जा जाळावी लागत नाही.

पाय मात्र गरम ठेवायचे नाहीत. यादीतलं हे मला सगळ्यात हुशारीचं काम वाटतं. पायात धमन्या आणि शिरा एकमेकींना खेटून असतात. खाली उतरणारं गरम रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला वाटेतच आपली उष्णता देऊन टाकतं. त्यामुळे धडाचं तापमान ३८-३९ अंश असताना खुरांपाशी ते बरंच खाली येतं आणि बर्फाला देण्यासारखी ऊब तिथे उरतच नाही. पण अशा थंडीत पायातली चरबी थिजली तर चालणार कसं? म्हणून पायाच्या खालच्या भागातली चरबी वेगळ्या घडणीची, तेलासारखी पातळ राहणारी असते.

श्वासातही हीच काटकसर. नाकाच्या आत गुंडाळीसारख्या पातळ हाडांवर ओलसर, रक्तवाहिन्यांनी भरलेली त्वचा असते. आत येणारी हवा तिच्यावरून जाताना तापते; बाहेर पडणारी हवा उष्णता आणि ओलावा तिथेच ठेवून जाते. लांब पळावं लागलं तर मात्र संकट उलटं होतं. एवढ्या जाड कोटात जीव उकडतो, आणि भर बर्फात जीभ बाहेर काढून धापा टाकाव्या लागतात.

खुरांचे मऊ तळवे हिवाळ्यात आक्रसतात आणि कडा पुढे येतात. त्या कडांनी बर्फ उकरायचा, कारण खाणं आता त्याच्याखाली आहे. त्याला सर्रास शेवाळ म्हटलं जातं. खरं तर ते दगडफुलाच्या जातीचं. ते हुंगून काढायचं, उघड्यावर असेल तर नजरेनंही. रेनडिअरला अतिनील प्रकाश दिसतो. बर्फ तो परावर्तित करतो आणि दगडफूल शोषून घेतं, म्हणून ते पांढऱ्यावर काळं उठून दिसतं. डोळ्याच्या मागचा आरशासारखा थरही उन्हाळ्यात सोनेरी असतो, तो अंधाऱ्या दिवसांत निळा होतो आणि मिळेल तो उजेड वापरात आणतो. उकरलेल्या खड्ड्यावरून भांडणं होतात. नरांची शिंगं माजाचा काळ सरल्यावर गळतात, गाभण माद्यांची बहुधा वसंतापर्यंत टिकतात. त्यामुळे खड्ड्याचा ताबा बऱ्याचदा मादीकडेच.

यादीत एका गोष्टीची तरतूद नाही: हिवाळ्यातल्या पावसाची. बर्फावर पाऊस पडून गोठला की खुरांनी न फुटणारी कडक साय धरते. सायबेरियातल्या यामाल द्वीपकल्पावर नोव्हेंबर २०१३ मध्ये हेच झालं. चारा त्या सायीखाली अडकला आणि त्या हिवाळ्यात सुमारे ६१ हजार रेनडिअर उपासमारीनं मेले.